पिवळ्या दोऱ्याच्या कोंबड्या

उल्हासनगरला आम्ही राहायचो त्या खोलीला एक खिडकी होती, आणि ती पप्पांनी बुजवली. आमच्या कोंबड्यांच्या घराचं सांगायचं तर तिथूनच सुरू करावं लागतं.

खोली नाल्याच्या कडेला होती आणि खिडकी नाल्याच्याच बाजूला, पाटाएवढी. पलीकडून जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणी वाहायचं आणि त्या पाण्याच्या काठाकाठानं घुशी फिरायच्या. साधा उंदीर वेगळा. घूस समोर आली की गल्लीतलं मांजर वाट बदलायचं. पप्पा आनंदनगरच्या एमआयडीसीत हेल्पर होते, शिफ्ट ड्युटी. आई घरी बसून जीन्सचे धागे कापायची. कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे गठ्ठे यायचे, त्यांचे लोंबणारे धागे छोट्या कटरनं कापायचे, गठ्ठा परत द्यायचा. आमच्या जेवणातसुद्धा कधीकधी पिवळा दोरा निघायचा.

त्याच खोलीत आईची एक कोंबडी होती. आईचं माहेर बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. तिथून येताना तिनं ती कोंबडी आणली होती, तिच्या आईच्या कोंबडीचं पिल्लू. पलंगाखाली डालग्यात, म्हणजे बांबूच्या पालथ्या टोपलीत, ती आणि तिची पिल्लं असायची. मी बाराखडी म्हणायला लागले की तीही खालून आवाज द्यायची. आई म्हणायची, "बघ, तिला पण पाठ झालं."

मी पहिलीत किंवा दुसरीत असेन. पप्पा सकाळी नाइट शिफ्ट करून आले तेव्हा माझा पाय चादरीच्या बाहेर होता आणि अंगठ्याला रक्त होतं. मी गाढ झोपलेली. उंदीर फुंकर घालत घालत चावतो म्हणतात. खरं असावं, कारण मला कळलंच नव्हतं. आई पलीकडच्या कुशीवर झोपलेली, तिलाही नाही. पप्पांनी मला तसंच उचलून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन देऊन आणलं, आणि परत आल्यावर न झोपता रेती-सिमेंट आणलं. बाटल्या फोडून काच केली. काच घातलेल्या सिमेंटनं आधी बिळं भरली आणि मग विटा लावून खिडकी.

ती बुजवून झाल्यावर हात धुताना ते आईला म्हणाले, "कोंबडी पण गेली पाहिजे. तिच्या दाण्यावरच येतात त्या."

दुसऱ्या दिवशी कोंबडी आणि पिल्लं घेऊन आई माहेरी गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. मामानं कोंबडी वाट्यानं ठेवून घेतली होती. म्हणजे सांभाळायची त्यानं, आणि होतील त्या पिल्लांतली अर्धी त्याची, अर्धी आईची. पाड्यावर ही जुनीच रीत. आता कुठली कोणाची हे ओळखायचं कसं? आईनं कमरेच्या पिशवीतून जीन्सचा पिवळा जाड दोरा काढला आणि आपल्या पिल्लांच्या पायात बांधला. पुढं कितीतरी पिढ्या झाल्या त्या कोंबड्यांच्या. आई माहेरी जाताना दोरा घेऊन जायची.

आम्ही मात्र त्या खोलीत खिडकीशिवाय राहिलो. बल्ब दिवसभर चालू. उन्हाळ्यात आई उंबऱ्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घ्यायची. मी दहावी, बारावी आणि बीएस्सी त्याच बल्बखाली केली. पण एक खरं आहे, घुशी येणं बंद झालं. पप्पा येईल त्याला सांगायचे, "आमच्या खोलीत उंदीर नाही. बघा कुठंही." त्यांना त्या भिंतीचा अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

मी आमच्या दोन्ही घरांतली पहिली ग्रॅज्युएट. विषय केमिस्ट्री आणि क्लास फर्स्ट. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरी लागली तीही आनंदनगरलाच, एका कारखान्याच्या लॅबमध्ये. ज्या रस्त्यानं पप्पा डबा घेऊन चालत जायचे त्याच रस्त्यानं मी कंपनीच्या बसनं जायला लागले. आणि काही वर्षांनी आम्ही बदलापूरच्या बाहेर, बारवीच्या रस्त्याला, एक बैठं घर घेतलं. खोल्या दोन, पण दोन्हींना खिडक्या. मागं मोकळी जागा, आणि त्या जागेच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाची बागकामाची शेड. चारी बाजूंनी पत्रा, लोखंडी अँगलवर ठोकलेला, आत गंजलेली खुरपी, फुटक्या कुंड्या, खताची अर्धी गोणी.

घर बघायला गेलो तेव्हा आईनं स्वयंपाकघर नंतर बघितलं. ती आधी त्या शेडपाशी गेली, पत्र्यावर हात मारून बघितला आणि म्हणाली, "इथं कोंबड्या राहतील."

पप्पा म्हणाले, "हो. मग घुशी राहतील. मग आपण परत नाल्यावर राहायला जायचं."

तेव्हा विषय तिथंच थांबला. पण पुढं मामाचाच फोन आला. त्याचा मुलगा वांगणीला राहायला गेला होता आणि मामालाही बोलवत होता. "बाय, दिवाळी झाली की मी नाय हितं," मामा म्हणाला. "तुझ्या पिवळ्या दोऱ्यावाल्या घेऊन जा, नायतर सांग, बाजारात देतो."

आईनं फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, "माझ्या आईच्या हातच्या कोंबड्या आहेत त्या. एवढी वर्षं भावाच्या अंगणात ठेवल्या. माझ्याच कोंबड्या बघायला मी पाहुणी म्हणून जाते."

मी म्हटलं, "पप्पा, शेड मी नीट करते. घूस शिरणार नाही अशी."

"तू करणार? पुस्तकात असतं का ते?"

"नसलं तरी करणार."

पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "ठीक आहे. पण ऐका दोघी. घूस आत गेलेली एकदा जरी दिसली, तर सगळ्या कोंबड्या बाजारात. रडारड नाही. चालेल?"

मी आईकडे बघितलं. तिनं मान हलवली नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिली. मी सायन्स घेते म्हटलं होतं तेव्हा बघितलं होतं, तशीच. मी म्हटलं, "चालेल."

पहिल्या रविवारी शेड रिकामी केली. कुंड्यांच्या मागं सापाची कात निघाली आणि खताच्या गोणीखाली घुशीचं बीळ, हात कोपरापर्यंत जाईल एवढं. पप्पा दारात हाताची घडी घालून उभे. कामाला हात लावणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. म्हणाले, "बघा ग्रॅज्युएट मॅडम, भाडेकरू आधीच आलेत."

माझा हिशोब सरळ होता. लॅबमध्ये आम्हाला पहिली गोष्ट शिकवतात ती ही की जे आत यायला नको ते कुठून येऊ शकतं ते आधी बघा. घूस खालून येते, म्हणून जमीन पक्की पाहिजे. उंदीर फटीतून येतो, म्हणून माझी करंगळी जाईल अशी एकही फट नको. साप आणि मुंगूस अंड्यांसाठी येतात, म्हणून दार पुरतं बसलं पाहिजे आणि कड्या दोन पाहिजेत. आणि सगळे येतात ते सांडलेल्या दाण्यासाठी, म्हणून दाणे शेडमध्ये ठेवायचेच नाहीत. झाकणाच्या डब्यात घरात ठेवायचे आणि संध्याकाळी ताटली धुऊन उचलायची.

जाळी आणायला मी उल्हासनगरला गेले. पप्पांना म्हटलं, रोल उचलायला तरी चला. ते आले. दुकानातल्या सिंधी शेठनं आधी नेहमीची षटकोनी जाळी काढली. "मुर्गी के लिए ना? ये ले जा बेटा. हलकी है, सस्ती पडेगी."

"सेठ, ये मुर्गी को अंदर रखेगी. घूस को बाहर नहीं रखेगी. मुझे वेल्डवाली चौकोनी चाहिए, आधे इंच की."

"मुर्गी पालनी है के बँक का लॉकर बनाना है?"

"लॉकरच समझो."

शेठ हसला आणि आतून रोल काढायला लावला. पप्पांनी पुढं होऊन जाळीच्या चौकोनात करंगळी घालून बघितली. गेली नाही. अंगठ्यानं दाबली, तार वाकली नाही. "ही चालेल," ते म्हणाले. शेठला म्हणाले, मला नाही. पण मी ऐकलं.

जमिनीचा कोबा घालायच्या दिवशी मी थापी धरली होती. पप्पा नेहमीसारखे दारात. थोडा वेळ बघितलं आणि मग चप्पल काढून आत आले. "अशी धरतात का थापी? सरक." तिथून पुढं काम आमचं दोघांचं झालं. कोब्याच्या कडेला त्यांनी काच घातली, तीच जुनी पद्धत. बाहेरच्या बाजूला आम्ही जाळीचा एक पट्टा भिंतीला लावून हातभर बाहेर, जमिनीत पुरला. घूस भिंतीला लागून खणते. खाली जाळी लागली की बाजूला सरते, पण मागं जाऊन लांबून खणायचं तिला सुचत नाही. हे मी वाचलं होतं. पप्पांना पटत नव्हतं, पण जाळी पुरली त्यांनीच, आणि माझ्यापेक्षा खोल.

आईला आतली जमीन शेणानं सारवायची होती. "सारवल्याशिवाय घर कसं म्हणायचं?"

"आई, शेणात ओल राहते. ओलीत पिसवा होतात. कोंबड्या खाजवून मरतील."

"माझ्या आईच्या कोंबड्या नाही मेल्या."

"तुझ्या आईच्या कोंबड्या दिवसभर डोंगरात फिरायच्या."

शेवटी सारवणाऐवजी चुना ठरला. आतून चारी भिंतींना, अँगलच्या सांध्यांतसुद्धा, तिनं स्वतः चुना दिला. कोब्यावर भाताचं तूस पसरायचं, ओलं झालं की काढायचं. एका कोपऱ्यात, बाहेरच्या पाणी तापवायच्या चुलीची राख भरलेली पाटी, कोंबड्यांना लोळायला, म्हणजे अंगातल्या उवा झडतात. ही राखेची गोष्ट आईची. माझ्या वाचण्यातही तीच होती आणि ते सांगितल्यावर आई म्हणाली, "पुस्तकवाल्यांनी आमच्या पाड्यावर येऊन लिहिलं असेल."

राहिला होता वरचा भाग. पत्रा आणि छप्पर यांच्यामध्ये लांबच लांब मोकळी फट होती. ती मी हवेसाठी ठेवली होती, तिला जाळी मारायची होती. पण त्या आठवड्यात लॅबमध्ये ऑडिट होतं आणि मी उशिरा यायचे. शनिवारी दुपारी आले तर पप्पा अंगणात वाट बघत उभे.

"आत जा," ते म्हणाले. "दार मी लावतो. उजेडाचा एक ठिपका दिसला तर सांग."

मी आत गेले. एक ठिपका नव्हता. वरची फट त्यांनी पत्रा आणि सिमेंटनं चारी बाजूंनी बंद केली होती. मुंगी शिरली असती तर ती दारातूनच. मी बाहेर आले आणि म्हणाले, "एकदम पॅक." मला ते आवडलंच. केमिस्ट्रीत फर्स्ट क्लास मिळवलेल्या माझ्या डोक्यात आलंच नाही की काय चुकलंय. आम्हा दोघांना पक्कं घर म्हणजे तसंच माहीत होतं.

आई पदर खोचून आली. "मी बसून बघते."

"काय बसून बघायचं त्यात?" पप्पा म्हणाले.

"राहायचंय ना कोणीतरी तिथं?" ती पाट घेऊन आत गेली आणि दार ओढून घेतलं.

आम्ही बाहेर उभे. वर ऊन, पत्रा तापलेला. आतून आवाज नाही. पप्पांनी दोनदा हाक मारली, "अगं?" दुसऱ्या हाकेला दार उघडलं. आईचा चेहरा लाल झाला होता, ब्लाउज घामानं चिकटलेला. ती माझ्याशी बोलली नाही, पप्पांशी बोलली.

"अहो, ही आपली नाल्यावरची खोली झाली."

पप्पांनी उघड्या दारातून आत डोकावलं.

"तिथं मी राहिले. पोरीसाठी राहिले. कोंबड्यांनी कशाला राहायचं?"

एवढ्या वर्षांत त्या बुजवलेल्या खिडकीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. मी पहिल्यांदा ऐकत होते. पप्पा अंगणातल्या विटांवर बसले. हातावरचं वाळलेलं सिमेंट खरवडत राहिले. मग म्हणाले, "मग काय केलं असतं मी तेव्हा? पोरीच्या पायाला रक्त होतं."

आई त्यांच्या शेजारी पाट टाकून बसली. "मी कुठं म्हणते चुकलं? तेव्हा जाळी नव्हती आपल्याकडं. आता आहे ना?"

बस, एवढंच बोलणं झालं. मी पाणी आणलं, दोघांनी एकाच तांब्यातून प्यायलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राइंडरच्या आवाजानं मला जाग आली. पप्पा पत्रा कापत होते. वरची फट त्यांनी मोकळी केलीच, पण त्याखाली पुढच्या भिंतीत एक खिडकी कापली, आणि वारा आरपार जावा म्हणून समोरच्या भिंतीत दुसरी. मी ठेवलेल्या फटीपेक्षा दोन्ही कितीतरी मोठ्या. वर पावसासाठी पत्र्याचं छोटं छप्पर पुढं काढलं. फटीला आणि खिडक्यांना जाळी, जाळीवर लोखंडी पट्टी, पट्टीला वॉशर घालून स्क्रू. ओढली तरी निघायची नाही. दुपारी आई परत आत जाऊन बसली. या वेळी तिनं आतून हाक मारली, "चहा इथंच आणा."

दिवाळीनंतर मामा टेम्पोतून कोंबड्या घेऊन आला, डालग्यांत, पायात पिवळे दोरे. शेडभोवती फिरला, कोबा बघितला, बसायला लावलेले बांबू बघितले, अंड्यांच्या पेट्या बघितल्या. "बाय," तो आईला म्हणाला, "कोंबड्या तर ब्लॉकमध्ये राहायला आल्या. मला पण ठेव एका बांबूवर."

"तू घोरतोस. त्या अंडी देणार नाहीत."

पण पप्पांची अट अजून होतीच. संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की ते चाळणीनं शेडच्या चारी बाजूंना राख पसरायचे, बारीक, रांगोळीसारखी. सकाळी चष्मा लावून वाकून बघत फिरायचे. "हे मांजर. ही साळुंकी. हा बेडूक, मूर्ख." आई खिडकीतून त्यांच्याकडे बघायची. ते सरळ उभे राहेपर्यंत ती गॅस पेटवत नसे.

मग एका सकाळी ते सरळ उभे राहिलेच नाहीत. मी ब्रश तोंडात घेऊन बाहेर गेले. "आली होती," ते म्हणाले.

राखेत पावलं होती, लहान मुलाच्या हातासारखी, आणि मागं शेपटीची रेघ. कुंपणाकडून सरळ शेडपर्यंत. भिंतीला लागून माती उकरलेली होती आणि खाली आमची जाळी दिसत होती. तिथून पावलं बाजूला गेली होती, पुन्हा उकरलेलं, पुन्हा जाळी. मग कोपरा. मग दार, दाराच्या पत्र्यावर नखांचे ओरखडे. मग मागची भिंत. आई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही, तोंडावर पदर धरून. पप्पा दाराशी गेले, दोन्ही कड्या काढल्या आणि आत शिरले. कोंबड्या आल्या त्या दिवसापासून ते आत गेले नव्हते.

आतून कोंबड्यांचा आवाज आला. पप्पा तूस पायानं सारून कोपरे बघत होते ते ऐकू येत होतं. मग ते बाहेर आले.

"सगळ्या आहेत," ते म्हणाले. "आत पाऊल नाही." मग राखेकडे बघून म्हणाले, "चारी बाजूंनी बघितलं बिचारीनं." कुंपणाकडे परत जाणाऱ्या पावलांची रेघ त्यांनी बोटानं मला दाखवली. आणि आईला म्हणाले, "उभी काय राहिलीस? दाणे दे त्यांना. भूक लागली असेल."

त्यानंतर त्यांनी बाजाराचं नाव काढलं नाही. उलट आता कोणी घरी आलं की चहाच्या आधी मागं नेतात. "करंगळी घालून बघा. जाते का?" समोरच्या काकू आधी वासाची तक्रार करणार म्हणून तयारीत होत्या, त्या आता पाहुण्यांना घेऊन येतात. पप्पा सांगतात, "माझ्या मुलीनं केलंय. ग्रॅज्युएट आहे. केमिस्ट्री." मी प्रत्येक वेळी सांगते, "खिडक्या पप्पांनी काढल्या."

मागच्या महिन्यात आई अंगणात बसून एकेक कोंबडी मांडीवर घेत होती. हातात धागे कापायचा तो जुना कटर. मला वाटलं नखं कापतेय. जवळ जाऊन बघितलं तर ती पायातले पिवळे दोरे कापत होती.

"का गं?"

"आता कोणाला दाखवायचंय कोणाची आहे ते?"

एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. शेडमध्ये घूस शिरली नाही, एकही कोंबडी गेली नाही, आणि दोन्ही खिडक्यांतून वारा येतो. आईच्या कोंबड्या आईच्या घरी आहेत.